धुराच्या सालची वाइन

मंगळवारी गिऱ्हाईक कमी,
म्हणून स्तावरूलाने फळ्यावर खडूने लिहिलं होतं :
आज जे बूच आधी निघेल, तेच प्यायचं.
मी ग्लास पुसत होतो.
ॲडलेडच्या फेब्रुवारीत
पुसलेला ग्लासही घामेजतो.

कोपऱ्यातल्या दोघांनी (दंतवैद्य असावेत,
सगळ्यांच्या दातांकडे बघत होते)
गढूळ पांढरी परत पाठवली. म्हणाले, नासलीये.
नासली नाही हो, गाळली नाही, एवढंच.
हे वाक्य मी रोज चार वेळा म्हणतो
आणि पाचव्यांदा मलाच शंका येते.

तेवढ्यात टेकड्यांवरून एर्विन आला,
बगलेत सहा बाटल्या,
लेबल नाही, मानेला नुसती सुतळी.
"आगीच्या सालची," तो म्हणाला.
"वेली वाचल्या, पण द्राक्षं महिनाभर धूर पीत बसली.
तीन दुकानांनी नको म्हटलं.
घोट घेतला की तोंडात राखुंडी उरते."
स्तावरूलाने घोट गालात घोळवला,
गिळला,
आणि फडक्याची घडी घालायला लागली.
याहून वाईट शेरा तिच्याकडे नाही.

मागे, कपाटाएवढ्या स्वयंपाकघरात, विलायवान.
तिच्या बरणीत अडीच वर्षं मुरलेली मासळी,
पादेक.
झाकण उघडलं की रस्त्यावरची कुत्री थबकतात.
तपासणीला आलेल्या साहेबाने विचारलं होतं,
मुरलेलं आणि नासलेलं, फरक काय बाई?
"मुरलेलं मी विकते," ती म्हणाली.
त्याने ते तसंच लिहून घेतलं.

आज तिने कोळशावर वांगी टाकली होती,
सालासकट लसूण, मूठभर मिरच्या,
सगळं काळं होईस्तोवर.
मग खलबत्ता. मग बरणीतले चार थेंब.
आपण भरीत म्हणू, ती जेओ म्हणते,
आणि आपल्या भरिताला हिचा ठसका सोसायचा नाही.
कुणी मागवलं नसताना
वाडगा तिने एर्विनपुढे आदळला,
शेजारी बांबूच्या टोपलीत चिकट भात.

त्याने भाताचा गोळा बुडवला.
कान आधी लाल झाले, मग नाक,
मग हाताशी जे होतं तेच त्याने घटाघटा प्यालं,
स्वतःचीच वाइन.

आणि थांबला.
पुन्हा प्याला. पुन्हा बुडवलं.
वांग्याची काजळी आणि बाटलीतली राख
परमुलखात गाववाले भेटावेत तशी
एकमेकींशी हळू आवाजात बोलू लागली असावीत,
कारण तो कान देऊन बसला होता.

"यात निलगिरी आहे," तो म्हणाला,
"ओढ्याकाठची, सतरा झाडं.
यात वैरणीची शेड आहे.
शेजारच्या कुंपणाचे खांब. पाण्याची प्लास्टिकची टाकी,
तीही आहे, अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी."
वाइनबद्दल बोलणारे पुष्कळ ऐकलेत मी,
पिकलेला पेर, ओला दगड, घोड्याचं खोगीर.
जळालेल्या वस्तूंची यादी
पहिल्यांदाच ऐकली.

विलायवान पीत नाही.
तिने त्याच्या ग्लासात करंगळी बुडवली,
जिभेला लावली, विचार केला.
"मीठ कमी आहे," म्हणाली
आणि कोळशाकडे परत गेली.

स्तावरूलाने फळा पुसला. नवं लिहिलं :
धूर. भाजलेल्या वांग्याबरोबरच मिळेल.
दंतवैद्यांनी दोन मागवले. मग आणखी दोन.
त्यातला एक रडत होता,
मिरचीने, असं तो म्हणाला.

साडेअकरापर्यंत पाच बाटल्या संपल्या.
सहावी विकत मागितली तर एर्विनने दिली नाही.
सुतळी पुन्हा नीट बांधली,
बगलेत घेतली,
आणि वांग्याचे पैसे ठेवून गेला.

ग्लास मी दोनदा धुतले.